आत मुडपणारा सोल: बेळगावच्या एका पेटंट अर्जाच्या परीक्षणाची हकीकत

मी लोकांचे पेटंट अर्ज लिहिते आणि ते चालवते. त्यातल्याच एका अर्जाबद्दल, अर्जदार नवरा-बायकोच्या संमतीनं, हे लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील आणि मापं बदलली आहेत. कायद्याची कलमं, मुदती आणि माझ्या चुका तशाच ठेवल्या आहेत.

## पार्श्वभूमी

अण्णा राहतात बेळगावात आणि त्यांचा रबर मोल्डिंगचा कारखाना आहे शिनोळीला. म्हणजे घर कर्नाटकात आणि कारखाना महाराष्ट्रात. वेंगुर्ले रोडनं रोज ये-जा, आणि सीमा ओलांडतो आहोत हे फक्त दुकानांच्या पाट्यांवरून कळायचं. उद्यमबागेतल्या कारखान्यांना यंत्राखाली बसवायचे रबरी माउंट पुरवणं हा त्यांचा पंचवीस वर्षांचा धंदा. यंत्र हादरलं की तो हादरा रबरानं गिळायचा आणि जमिनीला कळू द्यायचा नाही, एवढंच त्या माउंटचं काम.

बुटांशी त्यांचा संबंध आला भाच्यामुळे. तो खानापूर तालुक्यात राहून सैन्यभरतीची तयारी करत होता. सोळाशे मीटरची धाव, रोज सकाळी, पावसाळ्यातसुद्धा. त्याची तक्रार अशी की बूट नवा असताना टाच मऊ लागते, दोन-तीन महिन्यांत सोल ‘बसतो’. हे खरंच आहे. धावण्याच्या बुटाचा मधला थर बहुतेक वेळा ईव्हीए नावाच्या फेसाळ प्लॅस्टिकचा असतो. त्यातले हवेचे बारीक कप्पे हजारो वेळा दाबले गेले की पूर्ण उंचीला परत येत नाहीत. दुसरी तक्रार जांभ्या मातीच्या चिखलाची. टाचेत पोकळ्या असलेले बूट मुलं हौसेनं घेतात, पण त्या पोकळ्यांत लाल चिखल जाऊन बसला आणि वाळला की मऊ टाचेची वीट होते.

अण्णांनी टाचेखाली वाटीसारखी पोकळी ठेवली आणि तिच्यात रबराचे सात पोकळ खांब उभे केले. खांबांच्या मधे थोड्या कमी उंचीच्या भरीव खुंट्या दिल्या. टाच टेकली की आधी खांब दबतात आणि वजन वाढलं की ते खुंट्यांवर येतं. पहिले साचे झाले तेव्हा खांब बाहेर फुगायचे, एकमेकांना घासायचे आणि मधे आलेला चिखल आणखी घट्ट दाबायचे. मग त्यांनी प्रत्येक खांबाच्या बाहेरच्या अंगाला, खालच्या तिसऱ्या हिश्शात, गोल खाच फिरवली. आता खांब त्या खाचेपाशी आतल्या पोकळीत मुडपायला लागला. बाहेरची जागा मोकळी राहिली आणि चिखल बाजूच्या खिडक्यांतून निघून जाऊ लागला.

खाच बाहेर दिली की खांब आत का जातो? जाड कागदाच्या पट्टीवर एका बाजूला सुरीनं हलकी रेघ ओढा, रेघेजागी चर पडेल अशी, आणि पट्टी उभी धरून वरून दाबा. चराचं तोंड मिटतं आणि पट्टीचं पोट उलट बाजूला जातं. खांबाच्या भिंतीचंही तसंच होतं. खाच बाहेरून असली तर पोट आत जातं, आतून असली तर बाहेर. पुढचं सगळं प्रकरण या दोन ओळींवर उभं आहे. हे मला कळायला एक वर्ष लागलं.

## माझ्याकडे येण्याआधी

अण्णांनी बारा जोड करून भाच्याच्या मैदानावरच्या मुलांना वापरायला दिले. पाच महिने मुलं धावली. मग पुण्यातल्या एका नातेवाइकाच्या मदतीनं त्यांनी ऑनलाइन तात्पुरता अर्ज, म्हणजे तारीख राखून ठेवणारा पहिला अर्ज, भरला: दोन पानं इंग्रजी मजकूर, आणि साचा बनवणाऱ्या कारागिरानं काढलेली चार चित्रं. पत्ता शिनोळीच्या कारखान्याचा दिला, म्हणून अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे गेला. बेळगावचा दिला असता तर चेन्नईला गेला असता. दोन्ही चाललं असतं. अण्णांना मुंबई बरी वाटली, “मराठी माणूस भेटंल” म्हणून. प्रत्यक्षात अर्ज ऑनलाइन, सुनावणी पडद्यावर, कागदपत्रं इंग्रजीत किंवा हिंदीत. कार्यालयाचा फरक पडला असता तो अपिलाच्या वेळी, मुंबई उच्च न्यायालय की मद्रास उच्च न्यायालय एवढाच. सीमाभागातले लोक या प्रश्नावर फार वेळ घालवतात, तेवढी त्याची लायकी नाही.

पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, “कोल्हापुरी चपलीला मिळालंय तसं पेटंट आमाला मिळंल काय?” हा प्रश्न मला निपाणी-अथणीकडून महिन्याला एकदा तरी येतोच. कोल्हापुरी चपलेला आहे ती भौगोलिक मानांकनाची नोंद: महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे, त्यात बेळगावही. ती त्या प्रदेशातल्या सगळ्या कारागिरांची असते आणि परंपरेला मिळते. पेटंट एका अर्जदाराचं असतं आणि ते नव्याला मिळतं. जुनं आहे हे सिद्ध झालं तर पहिल्याचं बळ वाढतं आणि दुसरं तिथंच मरतं.

ते आले तेव्हा तात्पुरत्या अर्जाला नऊ महिने झाले होते. पूर्ण अर्ज बारा महिन्यांच्या आत द्यावा लागतो.

## अडचण कुठं दडली होती

तात्पुरत्या अर्जात लिहिलं होतं की वजन आल्यावर खांब ‘कॉम्प्रेस’ होतात. दबतात. चुकीचं नव्हतं, पण जे नवं होतं ते त्या शब्दात नव्हतं. अण्णा बोलताना दर वेळी ‘मुडपतंय’ म्हणायचे. साचा करणारा कारागीर कानडी बोलणारा. तो त्याच जागी बोट ठेवून म्हणायचा, “ओळग मडचतैति.” मराठीत मुडपणं, कानडीत मडचणं. दोघांकडे नेमका शब्द होता आणि त्यावरून दोघांचा कधी गोंधळ झाला नाही. इंग्रजी कागदावर येताना मात्र तो शब्द शिनोळीलाच राहिला.

आणि मी काय केलं? तात्पुरत्या अर्जातलं क्रियापद उचललं आणि पूर्ण अर्जात अठ्ठावीस पानं तेच वापरलं. पहिला दावा, म्हणजे हक्क नेमका कशावर मागतो ते सांगणारं वाक्य, असा लिहिला: टाचेत पोकळी असलेला सोल, त्या पोकळीत अनेक पोकळ लवचीक खांब आणि त्यांच्या मधे कमी उंचीचे थांबे. जितका रुंद दावा तितकं चांगलं, ही आमच्या धंद्यातली जुनी सवय. खाचेबद्दल वर्णनात एकच वाक्य टाकलं, तेही ‘खांबाच्या बाहेरील पृष्ठावर वलयाकार खाच असू शकेल’ अशा सैल भाषेत. दाव्यांत ती आलीच नाही. खुंटी खांबाच्या किती पट असावी, हे प्रमाण अण्णांनी तेव्हा जुळवत आणलं होतं. मी विचारलं नाही. त्यांना वाटलं ही कारखान्यातली गोष्ट, कागदावर कशाला.

त्या तीन महिन्यांत मी एकदाही सोल कापून बघितला नाही. टेबलावर अख्खा बूट ठेवून लिहीत होते.

## पहिला निर्णय: घाई करायची का

एका बूट व्यापाऱ्यानं अण्णांना सांगितलं होतं की पेटंट आलं की बोलू. म्हणून त्यांना लवकर हवं होतं. जलद परीक्षणाची सोय ठरावीक अर्जदारांनाच मिळते: स्टार्टअप, लघुउद्योग वगैरे. अर्जदार व्यक्ती असतील तर त्यांतली किमान एक स्त्री असावी लागते. साचा आणि रबर याच्यासाठी सोसायटीतून काढलेलं कर्ज वहिनींच्या, म्हणजे अण्णांच्या बायकोच्या, नावावर होतं आणि धंद्याचा हिशेबही त्याच बघायच्या. त्यांना सहअर्जदार करणं हा देखावा नव्हता, नाहीतर मी ते केलं नसतं. शोधकर्ते म्हणून नाव फक्त अण्णांचं, अर्जदार दोघं.

जलद परीक्षणासाठी अर्ज लवकर प्रकाशित करून घ्यावा लागतो. एरवी अठरा महिने अर्ज बंद पाकिटात असतो. व्यक्तिगत अर्जदाराला लवकर प्रकाशनाचे २,५०० आणि जलद परीक्षणाचे ८,००० रुपये पडतात. साधं परीक्षण ४,००० मध्ये होतं. पैशांचा हिशेब आम्ही नीट केला. पाकीट उघडल्यावर काय हातचं जातं, याचा केला नाही. अर्ज प्रकाशित व्हायच्या आत मागे घेऊन, राहिलेलं सगळं घालून नव्यानं भरता येतो. पहिली तारीख जाते, पण गुपित गुपितच राहतं. महिन्याभरात अर्ज प्रकाशित झाला आणि हा दरवाजा बंद झाला.

## पहिला परीक्षण अहवाल

अहवाल आला त्या संध्याकाळी अण्णांचा फोन. “आमी नापास झालो काय ओ मॅडम?” पहिला अहवाल म्हणजे निकाल नसतो. परीक्षकाला काय खटकलं याची ती यादी असते. उत्तराला सहा महिने मिळतात, मुदत संपायच्या आत मागितले तर आणखी तीन. पण यादी बघून पोटात गोळा येतो हे खरं. जवळजवळ प्रत्येक दाव्यापुढं ‘नाही’ होतं.

परीक्षकानं तीन जुने दस्तऐवज काढले होते. पहिला अमेरिकी पेटंट: टाचेत पोकळ लवचीक खांब, मधे आखूड थांबे. आमचा पहिला दावा त्यात जसाच्या तसा होता. दुसरा यंत्राच्या रबरी पायाचा: पोकळ रबरी खांब, आतल्या भिंतीला वलयाकार खाच. तिसरा चिखल निघून जायला बाजूनं भोकं असलेल्या सोलचा.

यात आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं. बुटाच्या सोलमध्ये मऊपणा आणायचा उद्योग जुना आहे आणि तिथं गर्दी भरपूर. विमान-अवकाश क्षेत्रातून आलेल्या एम. फ्रँक रूडी यांचं वायू भरलेल्या गादीचं अमेरिकी पेटंट १९८० सालचं. त्याआधी १९७४ मध्ये बिल बॉवरमन यांना वॉफलसारख्या ठोकळ्यांच्या सोलचं पेटंट मिळालं होतं. टाचेखाली उघडे खांब असलेली नायकेची ‘शॉक्स’ मालिका २००० सालापासून दुकानांत होती. पेटंट वर्गीकरणात लवचीक सोलसाठी ए४३बी १३/१८ असा वेगळा खणच आहे, आणि तो ओसंडून वाहतो. ‘टाचेत खांब’ एवढ्यावर तिथं कुणाला जागा मिळणार नाही हे मला अर्ज लिहितानाच दिसायला हवं होतं. शोध मी घेतला होता, पण ‘कॉम्प्रेस’ याच शब्दाच्या आधारानं. म्हणून सगळं थोडं थोडं मिळालं आणि नेमकं काहीच मिळालं नाही.

आक्षेप चार. पहिला दावा नवा नाही. उरलेल्यांत इन्व्हेंटिव्ह स्टेप, म्हणजे जाणकाराला सहज सुचणार नाही अशी पायरी, नाही: पहिल्या दस्तऐवजाच्या खांबांना दुसऱ्यातली रचना लावली की झालं. कलम ३(एफ): माहितीतल्या वस्तू नुसत्या शेजारी मांडल्या आहेत, प्रत्येक आपापलं काम स्वतंत्रपणे करते. आणि भाषा संदिग्ध: ‘मऊ’ म्हणजे किती, ‘योग्य जाडी’ म्हणजे कोणती? शेवटच्या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तो बरोबर होता. ते शब्द काढून टाकले.

## करवतीचं पातं

अहवालानंतरच्या बैठकीला वहिनी पिशवीतून दोन बूट आणि हॅकसॉचं पातं घेऊन आल्या. “हे म्हणतात तुमाला सांगून कळंना. आता बघा.” टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यांनी टाच मधोमध कापली. रबराचा वास खोलीभर. आतला खांब अर्धा उघडा पडला. अण्णांनी अंगठा वर ठेवून दाबला आणि खांबाची भिंत खाचेपाशी सरळ आत गेली, पोटाकडे ओढून घेतल्यासारखी. शेजारच्या खांबाला लागलीसुद्धा नाही. दुसरा बूट जुन्या साच्यातला, खाच नसलेला. तो दाबल्यावर खांब दोन्हीकडे फुगून शेजाऱ्यावर आपटला. त्या फटीत अजून लाल माती होती, वाळलेली, नखानं खरवडावी लागेल अशी.

मी दुसरा दस्तऐवज उघडला. त्यातली खाच आतल्या भिंतीला होती. म्हणजे तो खांब बाहेरच जाणार. चित्रातही तो बाहेर गेलेला दाखवला होता. यंत्राच्या पायाला ते चालतं, कारण तो एकटा उभा असतो, त्याला शेजारी नाही. परीक्षकाचं म्हणणं मान्य करून पहिला आणि दुसरा दस्तऐवज एकत्र केले, तर हातात येतो नेमका अण्णांनी टाकून दिलेला बूट.

## समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय रुंद दाव्यासाठी भांडण्याचा. अण्णांचा मूळ ओढा तिकडेच होता. “खांब आमीच बसवलोय की बेळगावात पयलं.” बेळगावात पहिलं असून उपयोग नाही, जगात पहिलं लागतं. तो मी सोडून दिला.

दुसरा, पेटंट सोडून डिझाइन नोंदवण्याचा. डिझाइन कायद्यात फक्त डोळ्यांना दिसणारं रूप येतं, काम कसं चालतं ते नाही. स्वस्त आहे, पंधरा वर्षांपर्यंत टिकतं. पण तळाची नक्षी तोवर सगळ्यांना दाखवून झाली होती, आणि नोंदणीआधी जगजाहीर झालेलं रूप चालत नाही. शिवाय खाच टाचेच्या पोकळीत असते, ती कुणाला दिसणार?

तिसरा, दावा आवळून खाच आणि आत मुडपणं एवढ्यावर आणण्याचा.

चौथा पर्याय माझ्या मनात आला तेव्हा मी खूश झाले होते. सुधारणेसाठी ‘पेटंट ऑफ ॲडिशन’ मिळतं. मूळ शोधाच्या तुलनेत सुधारणेत इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही एवढ्याच कारणानं ते नाकारता येत नाही, आणि त्याची वेगळी नूतनीकरण फीही नसते. मुदत मात्र मूळ पेटंटबरोबरच संपते. खांब आणि खुंटीचं ते प्रमाण, जे मी अर्जात लिहिलं नव्हतं, ते इथं घालता आलं असतं. मूळ अर्जात ते आता घुसवणं अशक्य होतं. दुरुस्ती करताना मूळ कागदात नसलेली नवी गोष्ट आणू देत नाहीत आणि दाव्याची कक्षा वाढवू देत नाहीत.

मी विचारलं, “या प्रमाणाचे बूट कुठं बाहेर गेलेत का?”

अण्णा वहिनींकडे बघायला लागले. पूर्ण अर्ज भरल्यावर, “आता भरलंय की पेटंट” म्हणून, त्यांनी निपाणीच्या एका दुकानात चाळीस जोड दिले होते. विकले गेले होते. पावत्या होत्या. खुंटीची उंची बूट कापून कुणीही मोजू शकतो. ॲडिशनला मिळणारं संरक्षण मूळ शोधाच्या सावलीपासून असतं. सुधारणाच आधी बाजारात विकली असेल तर ते कामाचं नाही. चौथा पर्याय तिथंच संपला, आणि तो संपवण्यात माझा वाटा होता. ‘भरलेलं’ आणि ‘अर्जात असलेलं’ यातला फरक मी त्यांना कधी समजावून सांगितला नव्हता.

## मैदानावरचा व्हिडिओ

तिसऱ्या पर्यायावर काम सुरू झालं तेव्हा भाच्याच्या तोंडून सहज निघालं की मैदानावरच्या प्रशिक्षकांनी तेव्हा मुलांच्या बुटांचा एक व्हिडिओ टाकला होता. तात्पुरत्या अर्जाच्या आधी.

बारा जोडांच्या वापराची मला काळजी नव्हती. अर्जाआधीच्या वर्षभरात, वाजवी चाचणीसाठी, आणि उघड्यावर करणं गरजेचं असेल तर केलेला वापर कलम ३२ खाली माफ आहे. धावण्याचा बूट घरात बसून तपासता येत नाही. पण व्हिडिओ म्हणजे वापर नव्हे, प्रसिद्धी. त्यासाठी कलम २९(२) आहे: माहिती अर्जदाराकडूनच गेली, ती त्याच्या संमतीविना प्रसिद्ध झाली, आणि कळल्यावर त्यानं शक्य तितक्या लवकर अर्ज केला, हे त्यानं सिद्ध करायचं. अण्णांना व्हिडिओ कधी कळला यावर सगळं अवलंबून, आणि भाच्याला तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

परीक्षकानं तो शोधलेला नव्हता. गप्प बसता आलं असतं. मी तसं केलं नाही. सचोटीपेक्षा व्यवहाराचा विचार जास्त होता: पेटंट मिळाल्यावरही ते रद्द करायचा अर्ज कुणीही हितसंबंधी करू शकतो, आणि तेव्हा तो व्हिडिओ विरोधी वकिलाच्या हातात असेल. आधी आपण तरी नीट बघूया म्हणून उतरवून घेतला आणि एकेक फ्रेम थांबवून पाहिली. टाचेच्या खिडक्या चार ठिकाणी जवळून दिसत होत्या. चारही ठिकाणी त्या चिखलानं भरलेल्या. खांब असल्याचंसुद्धा कळत नव्हतं. मुलगा पाच मिनिटं आधी पाय झटकून आला असता तर हे प्रकरण मला लिहिता आलं नसतं. प्रशिक्षकांकडून व्हिडिओची तारीख आणि परिस्थिती सांगणारा कागद सही करून घेतला आणि फाइलला लावला.

## उत्तर आणि सुनावणी

उत्तरात दावे कमी केले. पहिल्या दाव्यात खाच बाहेरच्या अंगाला, खालच्या तिसऱ्या हिश्शात, आणि वजन आल्यावर खांबाची भिंत त्या जागी आतल्या पोकळीत दुमडते, हे घातलं. ३(एफ) ला उत्तर सरळ होतं: खांबाचं मुडपणं जिथं संपतं तिथून खुंटीचं काम सुरू होतं, आणि खांब बाहेर फुगला तर खुंटीवर वजन नीट येतच नाही. एक नसेल तर दुसरं बिघडतं, म्हणजे त्या स्वतंत्रपणे काम करत नाहीत. एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दोन्ही साच्यांच्या टाचा दाबून वजन आणि दाब यांचे आलेख काढले आणि शपथपत्रासह जोडले.

तरीही सुनावणीची नोटीस आली. नियंत्रक, म्हणजे निर्णय देणारे पेटंट कार्यालयातले अधिकारी, पडद्यावर, आम्ही टिळकवाडीतल्या माझ्या खोलीत, पंखा बंद करून, कारण आवाज येत होता. पहिला प्रश्न ठरलेलाच होता: आत दुमडणं हे मूळ कागदात कुठं आहे? तुम्ही सगळीकडे ‘कॉम्प्रेस’ लिहिलंय.

खाचेचं ते एक सैल वाक्य मी वाचून दाखवलं. ‘असू शकेल’ होतं ते आता ‘असते’ केलं, ही कक्षा कमी करणारी दुरुस्ती. ती त्यांनी मान्य केली. पण खाच म्हणजे दुमडणं नव्हे, म्हणाले. मग चौथं चित्र दाखवलं. कारागिरानं काढलेलं, तात्पुरत्या अर्जापासून सोबत आलेलं. त्यात खांब ठळक रेघेनं सरळ होता, आणि त्याच खांबावर तुटक रेघेनं वजन आलेली अवस्था होती, भिंत आत गेलेली. मी पूर्ण अर्ज लिहिताना त्या तुटक रेघेचा अर्थच सांगितला नव्हता. मला ती आतली पोकळी दाखवणारी रेघ वाटली होती.

नियंत्रकांनी चित्र मोठं करून बघितलं. कापलेली टाच कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितली. अण्णांनी अंगठ्यानं दाबली, एकदा, मग जरा हळू पुन्हा. “रेघ आणि बूट जुळतात,” एवढं म्हणून त्यांनी लेखी म्हणणं मागवलं. त्याला पंधरा दिवस असतात. आम्ही अकराव्या दिवशी दिलं.

## निष्पत्ती

पेटंट मिळालं, अरुंद दाव्याचं. आदेशात वजन दिलं गेलं ते दुसऱ्या दस्तऐवजातल्या खाचेच्या उलट दिशेला. आमच्या आलेखांची दखल एका ओळीत होती. अर्ज भरून दोन वर्षं उलटून गेली असल्यामुळे तोवर साठलेली नूतनीकरण फी नोंदीपासून तीन महिन्यांत भरायची होती. व्यक्तीला तिसऱ्या ते सहाव्या वर्षापर्यंत वर्षाला ८०० रुपये. वहिनींनी दुसऱ्या आठवड्यातच भरली आणि पेटंट प्रत्यक्ष वापरात आहे की नाही याचं निवेदन किती वर्षांनी द्यायचं ते लिहून घेतलं. तीन आर्थिक वर्षांतून एकदा. व्यापारी मात्र परत आला नाही.

## आज केलं तर

पूर्ण अर्जाआधी वस्तू कापून बघितली असती. शोधकर्ता हातवारे करत जो शब्द वापरतो तो मराठीत जसाच्या तसा टिपून घेतला असता आणि त्याला इंग्रजी शब्द शोधताना दोन दिवस जास्त लावले असते. कारागिराशी बोलले असते. मला कानडी येतं, म्हणजे ती सबबही नव्हती. प्रत्येक चित्रातल्या प्रत्येक रेघेला एक वाक्य दिलं असतं. रुंद दावा ठेवलाच असता, पण त्याच्या खाली खाचेचा, दिशेचा आणि प्रमाणाचा असे पायरीपायरीनं दावे लावले असते. व्यक्तीला दहा दाव्यांपर्यंत जादा फी नसते, आणि आमचे सहाच होते.

जलद परीक्षणाबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. अण्णा म्हणतात लवकर मिळालं ते बरं झालं. मला वाटतं अर्ज आणखी काही महिने पाकिटात राहिला असता तर प्रमाण वाचलं असतं. पण तेव्हा ते चाळीस जोड विकायचे थांबले असते का, हे वहिनींना विचारलं तर त्या हसतात. कर्जाचा हप्ता दर महिन्याला होता.

गेल्या पावसाळ्यात निपाणीच्या त्याच दुकानात दुसऱ्या कुणाचा तरी बूट आला. अण्णांनी एक जोड विकत घेतला आणि न घालता थेट माझ्याकडे आणला. पातं आता माझ्या ड्रॉवरमध्ये असतं. टाच कापली. खुंटीचं प्रमाण मोजलं तर नेमकं अण्णांचंच. खांब मात्र सरळ, खाच नाही. अण्णांनी दाबून बघितला, तो बाहेर फुगला आणि शेजाऱ्यावर आपटला.

“राहू दे,” अण्णा म्हणाले. “जांबोटीच्या चिखलाच्या रस्त्यावर धावू देत की जरा.”